पोचल्याशिवाय केर नाही

आमच्या म्हैसूरच्या अग्रहारातल्या आळीतून कोणी बॅग घेऊन निघालं, की गणोजीराव त्याला फाटकाशी अडवून एकच प्रश्न विचारतात. कुठे, कशाला, कोणाकडे, यात त्यांना काडीचा रस नाही. लग्नाला जा, कोर्टात जा, नाहीतर घर सोडून पळून जा. ‘पोचणार कधी?’ एवढंच त्यांना हवं असतं. ‘संध्याकाळपर्यंत’ असलं मोघम उत्तर चालत नाही. ‘संध्याकाळ म्हंजे? दिवे लागायच्या अगोदर की मागनं? सरियागि सांग रे, नीट सांग!’ नीट वेळ मिळाली की ते घड्याळात बघतात आणि मगच वाट सोडतात.

नवख्याला वाटतं, काय हा जिव्हाळा! एकदोघांच्या डोळ्यांत पाणी आलेलंही मी पाहिलं आहे. पण मी त्यांच्या शेजारी जन्म काढला. गणोजीरावांना केर काढायचा असतो.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते मुक्कामी पोचेपर्यंत मागे केर काढू नये, असं आपल्यातली जुनी माणसं सांगतात. बहुतेक घरांत हा नियम सोयीने पाळतात. माझी आई पाहुणा वळणाआड गेला की केरसुणी हातात घ्यायची. ‘एव्हाना बसला असेल बसमध्ये’ असं स्वतःलाच मोठ्याने सांगायची, की झालं. गणोजीरावांकडे असली सवलत नाही. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. फौज गेली, घोडे गेले, शिस्त मात्र कोणी न मागितल्यामुळे घरातच राहिली. ते स्वतः आमच्या हायस्कुलात ड्रिल मास्तर होते. मी तिथेच भूगोल शिकवत असे. कानडीत मास्तरांना मेष्ट्रु म्हणतात, तेव्हा सारी आळी त्यांना मेष्ट्रु म्हणते. मीही म्हणतो.

बरं, नुसता नियमच असता तर एक वेळ चाललं असतं. पण या माणसाला केर काढण्याचंही वेड. दूध तापायच्या आत घर झाडून व्हायला हवं. दुपारी पुन्हा. दिवेलागणीच्या आधी पुन्हा. आमच्या दोन घरांत अंगण एकच, त्यामुळे आमच्या दारातलं पान पडायच्या आधीच ते खाली खराटा घेऊन उभे. अशा माणसाला झाडायची बंदी म्हणजे दारुड्याला एकादशी. आणि बंदी घालणारेही तेच.

पूर्वी सोपं होतं. माणसं जाऊन जाऊन जाणार कुठे, तर बेंगळूरु. दुपारपर्यंत सुटका. माझी आई काशीला गेली तेव्हा मात्र कठीण काळ आला. ती पोचल्याचं पत्र येईपर्यंत मेष्ट्रूंनी अंगणाला हात लावू दिला नाही. ‘तुझी आई ती माझी आई’ असं म्हणून त्यांनी आमच्या घरातला केरही बंद केला. पत्र आलं तेव्हा तुळशीच्या कट्ट्याशी पिंपळाचं रोप चांगलं वीतभर वाढलेलं होतं.

त्यांच्या बायकोने, आमच्या सरूवैनींनी, या कायद्यात पळवाटा शोधून ठेवल्या होत्या. ‘मी झाडत नाही, पुसते’ ही एक. मेष्ट्रूंनी त्यावर एक दिवस विचार केला आणि पुसण्यावरही बंदी घातली. मग वैनी खाली बसून एकेक कण बोटांनी उचलू लागल्या. पुन्हा विचार झाला. शेवटी निकाल लागला, की वेचणं म्हणजे झाडणं नव्हे. तेव्हापासून प्रवासाच्या दिवशी नवराबायको दोघं जमिनीवर बसून केर वेचत असत. आमच्या खिडकीतून ते दृश्य स्वच्छ दिसे. वैनींना गुडघ्यांचा त्रास होता, पण हसून हसून त्यांना तो आठवत नसे.

मग त्यांची एकुलती एक मुलगी नंदा लग्न होऊन कॅनडातल्या कॅल्गरी नावाच्या गावी निघाली, आणि हे प्रकरण जागतिक पातळीवर गेलं.

‘वासू, तू भूगोलाचा अल्वा, नाही का? बेंगळूरु ते कॅल्गरी, किती लांब? विमान कधी पोचणार?’

मी कॉम्प्युटरवर दोन्ही गावांची नावं टाकली. उत्तर तात्काळ आलं: सरळ रेषेत तेरा हजार किलोमीटरला थोडं कमी, विमानाने सुमारे पंधरा तास. मी शाळेतून पृथ्वीचा गोल आणला आणि त्यावर दोरा ताणून दाखवला. दोरा थेट उत्तर ध्रुवाच्या अंगाने गेला. मेष्ट्रूंनी दोऱ्याकडे बराच वेळ बघितलं. ‘हे विमान ध्रुवावरनं नेणार?’

‘जवळून.’

‘मग तिला एक स्वेटर पुरेल काय रे?’

त्यांनी देवराज मार्केटजवळून दुसरा स्वेटर आणला. नंदाने तो निमूट बॅगेत भरला. तिला बापाचा पुरता अनुभव होता.

आता चूक माझी, की त्या कॉम्प्युटरची, की पृथ्वीची, यावर आमचा अजून वाद आहे. असं थेट विमान कधी कोणी उडवलेलंच नाही. ते पंधरा तास कागदावरचे. नंदा आधी मोटारीने बेंगळूरुच्या पलीकडच्या विमानतळावर गेली, तिथे तिष्ठली, मग युरोपातल्या कुठल्याशा विमानतळावर उतरून बाकावर झोपली, मग तिसरीकडे गेली. इकडे मेष्ट्रूंनी विमान सुटल्यापासून पंधरा तास मोजले, ‘आयितु, झालं! पोचली!’ असं गर्जून केरसुणी उचलली आणि चौकासकट सगळं घर झाडून काढलं. नंदा त्या वेळी बाकावर होती. तिची बॅग हरवली. दोन्ही स्वेटर आणि वैनींनी घातलेलं लिंबाचं लोणचं त्यातच होतं.

‘तुज्या पंधरा तासांनी माझ्या लेकीचे स्वेटर घालवले,’ मेष्ट्रु म्हणाले, आणि पुढे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी बाहेरगावी निघालो की तेवढं ‘कधी पोचणार ते विचार’ म्हणून वैनींना पाठवत.

त्या दिवशी नियमात दुरुस्ती झाली. गणित बेडा, नको. कॉम्प्युटर बेडा. निघालेल्या माणसाने पोचून स्वतःच्या तोंडाने ‘पोचलो’ म्हणायचं आणि ते आपण आपल्या कानांनी ऐकायचं. मगच केर.

नंदाच्या पुढच्या फेऱ्या या नव्या नियमाखाली झाल्या. त्यात एक नवीच अडचण निघाली. ती इथून मंगळवारी पहाटे विमानात बसली, आणि पोचल्यावर फोनवर म्हणाली, इथे मंगळवार दुपार आहे. मेष्ट्रूंनी फोन ठेवून मला बोलावून घेतलं. ‘मंगळवारी निघाली, मंगळवारीच पोचली. मग मी बुधवारपर्यंत धूळ कशाला खाल्ली?’ मी पुन्हा गोल आणायला निघालो. ते म्हणाले, ‘गोल बेडा. गोलानंच हे सगळं होतंय.’

त्याच वेळी आणखी एक घोटाळा झाला. झाडणं नाही म्हणून सडा नाही, सडा नाही म्हणून रांगोळी नाही. आमच्याकडे दारात रांगोळी नसली तर घरात काहीतरी वाईट घडलं असं धरतात. लष्कर मोहल्ल्यातले त्यांचे चुलतभाऊ फाटकापाशी थबकले, चपला काढल्या, रुमालाने डोळे टिपत आत आले आणि मेष्ट्रूंच्या खांद्यावर हात ठेवून गप्प उभे राहिले. मेष्ट्रूंनी घड्याळ बघितलं. ‘आणखी सहा तास,’ ते म्हणाले. चुलतभाऊ हुंदका देऊन खाली बसले. वैनी आतून कॉफी घेऊन आल्या तेव्हा चुलतभावांचा धीर आणखीच सुटला, कारण वैनीच गेल्या असं ते समजून आले होते.

या गोष्टीवर वैनी पुढे कितीतरी वर्षं हसत होत्या. मग एका सकाळी त्या दारात रांगोळी खरोखरीच पडली नाही. ताप आला म्हणून रात्री लवकर झोपल्या होत्या, त्या उठल्या नाहीत.

मेष्ट्रु रडले नाहीत. आल्यागेल्यांना बसायला खुर्च्या त्यांनीच मांडल्या, रांगेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. ‘वासू, भटजी म्हणतात पोचायला वर्ष लागतं.’

‘तसं म्हणतात खरं.’

‘शहाऐंशी हजार योजनं आहे म्हणे ते. योजन म्हंजे किती किलोमीटर?’

मी भूगोलाचा माणूस. मला दुःख झालं होतं, पण उत्तर येत होतं. म्हटलं, बारा-तेरा धरतात.

‘मग विमानाच्या वेगानं?’

मी मनात गुणाकार-भागाकार केला. ‘दोन महिन्यांच्या आत.’

‘मग वर्ष कशाला?’

‘चालत जायचं असतं, मेष्ट्रु.’

त्यांनी सवयीने घड्याळ बघितलं. मग म्हणाले, ‘तिचे गुडघे बघितलेस ना तू?’

मी रांगेतली एक खुर्ची उगाच सरळ केली. 

केराचाही प्रश्न होताच. पोचल्याचं तिच्या तोंडून ऐकू येणार नव्हतं. तेराव्याला घर शुद्ध करायला झाडावंच लागतं असं भटजींनी निक्षून सांगितलं, तेव्हा मेष्ट्रूंनी झाडलं. पण पहिल्यांदाच त्यांना मी सावकाश झाडताना पाहिलं.

वर्षश्राद्धाला नंदा आली. सोबत तिची पाच वर्षांची मिनू. श्राद्ध झालं, भटजी म्हणाले, वैनी आता पोचल्या. मेष्ट्रूंनी मान हलवली. ‘हौदु, खरं. आयितु.’ आणि अंगण झाडायला गेले.

नंदा महिनाभर राहिली. ती बापाला घेऊन जायला आली होती. रोज रात्री जेवताना विषय निघे आणि रोज बिनसे. एकट्या माणसाने या एवढ्या घरात काय करायचं, असं ती म्हणायची. ‘मी पण तुझ्यासंगं निघालो तर मागं केर काढायचं थांबणार कोण?’ असं ते म्हणायचे.  शेवटी तिने नाद सोडला आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, ‘काका, मी रोज फोन करेन. पण ज्या दिवशी ते उचलणार नाहीत, त्या दिवशी तुम्ही बघायचं.’  मी होय म्हटलं.

त्या महिन्यात मेष्ट्रु फार कामात होते. मिनू चुरमुरे खात घरभर हिंडायची आणि ते केरसुणी घेऊन मागे. ती पुढे सांडणार, ते मागून भरणार. ‘नोडु वासू, बघ हे! माझं घर काय कोंबड्यांचं आहे?’ असं ते रोज ओरडून सांगत. मिनूला वाटे हा खेळच आहे, म्हणून ती वळून वळून मुद्दाम सांडायची. कानडी तिला येत नव्हतं, मराठी जेमतेम, पण ‘अय्यो!’ असं त्यांच्यासारखंच म्हणायला ती शिकली होती.

मग त्या गेल्या. मोटार वळणाआड गेली. मेष्ट्रूंनी घड्याळ बघितलं, घरात गेले आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतर दोन दिवस अंगण तसंच होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. विमानं आताशा उशिराच सुटतात. माझ्या बायकोने एकदा खराटा बाहेर आणला आणि मेष्ट्रूंचं दार बघून परत ठेवला. आम्हा सगळ्यांनाच त्या नियमाचं वळण लागून गेलं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी नंदाचा फोन माझ्याकडे आला. ‘काका, मी कालच पोचले. अप्पा फोन घेत नाहीत. किती वेळा केला. नुसता वाजतोय. तुम्ही बघा ना हो काका, लवकर बघा.’ ती रडत होती.

 फोन तसाच हातात धरून मी अनवाणी अंगण ओलांडलं आणि त्यांचं दार ढकललं.

मेष्ट्रु वेताच्या खुर्चीत बसले होते. पाय वर घेऊन, मांडी घालून. ठीक होते. दाढी वाढली होती एवढंच. मी पाऊल आत टाकणार, तोच त्यांनी हात वर केला, शाळेच्या मैदानावर करत तसा.

‘थांब! डावीकडनं ये. भिंतीला धरून. मध्ये पाय ठेवू नको.’

मी भिंतीला धरून गेलो. तांबड्या फरशीवर चुरमुऱ्यांच्या दोन लांब रांगा होत्या, दिवाणापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. एका टोकाला औषधाच्या बाटलीचं झाकण पालथं ठेवलेलं. दिवाणाखाली अर्धं बिस्कीट. आरशाखाली नंदाच्या विंचरलेल्या केसांचा गुंता.

‘मिनूनं केलं,’ मेष्ट्रु म्हणाले. ‘निघायच्या अगोदर. मुंग्यांचा विमानतळ आहे म्हणे.’

त्यांचा फोन शेजारच्या उशीखाली दाबून ठेवलेला होता, एक कोपरा तेवढा बाहेर. 

‘मेष्ट्रु, नंदाचा फोन आहे. माझ्याकडे.’

‘विमानातनं?’

‘विमानातनं नाही.’

‘मग बेडा,’ असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. एक तर, वेचायला बंदी नव्हती. हा त्यांचाच निकाल होता. सबंध जन्म ज्याने जमिनीवर शेंगदाण्याचं साल टिकू दिलं नाही, त्याने इतक्या दिवसांत एक चुरमुरा उचलला नव्हता. आणि दुसरं म्हणजे, नंदा पोचली हे त्यांना माहीत होतं. फोन वाजला तेव्हाच कळलं असणार. फक्त तिच्या तोंडून ऐकायचं ते टाळत होते. ऐकलं की केर काढावा लागला असता. मला या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही.

‘तिनं पोचले म्हटलं की काढायला लागतो, वासू,’ ते हळू आवाजात म्हणाले.

‘नियम तुमचाच आहे. तुम्हीच मोडा.’

‘नियम मोडायचा नसतो.’ मग त्यांनी खाली बोट दाखवलं. रांगेच्या पलीकडच्या टोकाशी मुंग्या लागल्या होत्या. चारपाच जणी मिळून एक चुरमुरा उंबऱ्याकडे ओढत होत्या. ‘ह्या नेतायत बघ. ह्यांना नियम नाही. स्वल्प स्वल्प, थोडं थोडं नेतायत. ह्यांचं होऊ दे, मग मी फोन घेतो. तवर ती विमानात असू दे.’

‘ती रडतेय, मेष्ट्रु. तुम्ही पडलात की काय असं वाटतंय तिला.’

हे त्यांच्या डोक्यात आलेलं नव्हतं. ते एकदम ताठ बसले. मी फोन पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

‘हॅलो. नंदी? हां, मी आहे. बरा आहे गं. जेवलो की. फोन स्वल्प खराब आहे... काय? ऐकू येईना. आवाज तुटतोय नोडु. विमानात असंच होतं. मिनू झोपली? पांघरूण आहे ना तिच्यावर? काय म्हणतीस? कळेना गं काही.’

नंदा काय म्हणत होती ते मला भिंतीपाशीसुद्धा ऐकू येत होतं. अप्पा, मी पोचले, अप्पा, आम्ही पोचलो, घरी आहोत, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आवाज अगदी स्वच्छ होता, शेजारच्या खोलीतून यावा तसा.

‘पोचलीस की फोन कर हां, मगा,’ मेष्ट्रु म्हणाले. मगा म्हणजे बाळा. वैनी तिला अशी हाक मारायच्या. त्यांच्या तोंडून मी ती पहिल्यांदाच ऐकली.

 मग नंदा म्हणाली, ‘बरं अप्पा. पोचल्यावर करते.’

मी फोन घेतला आणि आलो तसाच भिंतीला धरून बाहेर पडलो. अंगणात माझी बायको खराटा हातात घेऊन उभी होती. कमरेला खोचलेल्या फोनवर तिला सकाळीच नंदाकडून फोटो आलेला होता, बर्फात उभ्या असलेल्या मिनूचा. तो तिने मला नंतर दाखवला.

‘पोचली का हो नंदा?’ तिने विचारलं.

मेष्ट्रूंचं दार उघडंच होतं. आतून काही हालचाल ऐकू येत नव्हती.

‘नाही अजून,’ मी म्हणालो.

तिने खराटा भिंतीशी टेकवला. ‘लांब आहे ना,’ ती म्हणाली, आणि मेष्ट्रूंसाठी दोन पोळ्या जास्त करायला आत गेली.